दार असलेलं घर

चंद्रा प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये हात धूत होती. गुरुबसप्पा दारातूनच म्हणाला, “जोत्याची चुलती आलीय बघ. ती सोजरबाई. गेटपाशी बसलीय. सिनेमात माजं घर हाय ते दावा म्हणतीय.”

“कुठलं घर?” चंद्रानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं की हा प्रश्न आपण नुसता वेळ काढायला विचारला.

“कुठलं म्हणजे काय? पाण्याखाली गेलं ते. धोंडीराम घेऊन आलाय एष्टीनं.” तो चौकटीला टेकला. “आता काय सांगायचं तिला? ते रीळ तर खराब झालं म्हणालीस तू.”

“हो.”

“मग तूच सांग की बाई. मला म्हाताऱ्या माणसांपुढं खोटंही बोलता येत नाही आणि खरंही नाही.”

तो गेला. नळ चालूच राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती पाण्याखाली धरून उभी होती. रीळ खराब झालं नव्हतं. तिनं ते खराब केलं होतं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, काळ्या खोलीत डबा उघडून तिनं पांढरा दिवा लावला होता. हे तिच्याखेरीज कुणालाही माहीत नव्हतं, आणि गेल्या वर्षभरात या गोष्टीचा तिला एकदाही पश्चात्ताप झाला नव्हता. उलट तेवढ्या एका कृत्यावर ती मनातून उभी होती, असंच म्हणायला हवं. घरी बघायला आलेल्या मंडळींनी मुलगी घुमी आहे म्हणून निरोप पाठवला, सरांनी तिच्या आकृत्या दुसऱ्याच कुणाच्या म्हणून वर्गात दाखवल्या, असं काही झालं की ती आत कुठंतरी त्या दिव्याच्या बटणापाशी जाऊन यायची. आपण एकदा तरी बरोबर वागलो आहोत. त्या रिळावर म्हातारीचा आक्रोश होता, आणि तो आपण कुणाला बघू दिला नाही. पण त्याच रिळाच्या पहिल्या अर्ध्यात घर होतं. सबंध घर. कुठल्या क्रमानं काय घेतलं हे तिला आजही डोळे मिटून सांगता आलं असतं. तरी वर्षभरात त्या घराची आठवण तिला एकदाही झाली नव्हती. आता कुणीतरी ते मागायला आलं होतं. तिनं नळ बंद केला. ओढणीला हात पुसताना तिच्या लक्षात आलं की बोटांची टोकं म्हातारीच्या बोटांसारखी सुरकुतली आहेत.

सिनेमाची कल्पना जोतीरामची. इतिहास घेऊन बी.ए. करत होता, भीमेकाठच्या गावातला. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी मोठं करायला निघालो आहोत असं वाटायचं. उजनीचं पाणी पुढच्या पावसाळ्यात त्याच्या गावात शिरणार होतं. गाव उठून वर माळावरच्या नव्या गावठाणात गेलं होतं. “आदिलशाहीतलं ओसाड गाव उभं करायचं म्हणजे मुंबईवाल्यांच्या नाकी नऊ येतील,” कँटीनच्या टेबलावर बोट आपटत तो म्हणाला होता, “आपल्याला सरकारनं आयतं करून दिलंय.” सगळे हसले होते. चंद्राही हसली होती. गोष्टही त्यानं गाव पाहूनच बेतली होती. शत्रूचे स्वार येणार म्हणून सगळं गाव पळालं आहे, आणि एकाच घराचं दार बंद आहे. आत कोण? पळून आलेला हेर? का कुणीच नाही? एक बाई येते, उंबऱ्यापाशी भाकरी ठेवते, कुलूप ओढून बघते, जाते. सबंध सिनेमाभर माणसांनी त्या दाराकडे बघत बसायचं. घोडे नकोत, तलवारी नकोत, बोलणं तर नकोच. कॅमेरा गुरुबसप्पाच्या काकांचा. त्यांचा चादरींचा कारखाना होता आणि घरातल्या लग्नांची चित्रं घ्यायची त्यांना हौस होती. चावी भरून चालणारा कॅमेरा. एका चावीत जेवढं पळेल तेवढं पळायचा आणि श्वास संपल्यासारखा थांबायचा.

फिल्म धुणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी केमिस्ट्रीवाल्या मुलीकडे पाहिलं. घरी तिचं नाव चंद्रव्वा, आजीचं. शुक्रवार पेठेतून कॉलेजला येईपर्यंत ते चंद्रा व्हायचं. तिनं लायब्ररीतलं एक पुस्तक दोनदा वाचलं, पोटॅशियम डायक्रोमेट तोलून घेतलं, सुताराकडून फिल्म गुंडाळायचा लाकडी पिंजरा करून घेतला, आणि फिजिक्सवाल्यांची प्रकाशाच्या प्रयोगांची काळी खोली मागून घेतली. हळूहळू कॅमेराही तिच्याकडे आला, कारण उजेड मोजून बोलणारी तीच होती. “पोरांबरोबर काय हिंडतीस गं गावोगाव? साकु, पुरे आता हे,” आई म्हणायची. “प्रयोग आहे,” ती सांगायची, आणि वडील म्हणायचे, प्रयोग असेल तर जाऊ दे. खरं तर तिला त्यात जे सापडलं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. डोळा काचेला लावला की आपण माणसांकडे हवं तितकं बघू शकतो आणि कुणी उलट आपल्याकडे बघत नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. लहानपणापासून तिला एवढंच हवं होतं.

सोजरबाई सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसली होती. नवं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. धोंडीराम, जोतीरामचा थोरला भाऊ, जरा लांब उभा राहून तंबाखू मळत होता.

“ही बघ, आली फोटूवाली,” सोजरबाई म्हणाली. “वाळलीस की गं. लगीन-बिगीन झालं न्हाय अजून?”

“नाही मावशी.”

“बरं हाय. हितंच ऱ्हा.” ती हसली. दात आणखी कमी झाले होते. “कवा दावनार?”

“गॅदरिंगचे फिशपाँड संपले की. तुम्ही जेवून घ्या तोवर.”

“आदी घर बगीन, मग घास घालीन.”

“काकी, टाईम हाय अजून. जेव की,” धोंडीराम म्हणाला.

“ह्याला सांग, मदी बोलू नगं,” सोजरबाई चंद्राला म्हणाली. “वरीस झालं, मी बोलत न्हाय ह्याच्याशी. ह्याच्याच घरात खाती, पर बोलत न्हाय.”

“बोलत न्हाय म्हनती अन् दिसभर शिव्या देती.”

“शिव्या म्हंजी बोलनं न्हवं.”

धोंडीरामनं तंबाखू दाढेला लावली आणि सायकलींकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं रोज ऐकून घेणाऱ्याचा थकवा होता, आणि चंद्राला तो अपराधापेक्षा जास्त असह्य वाटला.

“गावठानातल्या बाया काय म्हनत्यात म्हाईत हाय का?” सोजरबाई पुढं वाकली. “म्हनत्यात, सोजरे, आमची समद्यांची बुडाली, तुजं तेवढं ऱ्हायलं. फोटूत हाय. म्हनलं बगून येती अन् सांगती तुमाला. गोठा बी आलाय न्हवं? अन् तुळस?”

आत्ता सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, चार शब्दांचं, कुठलंही व्याकरण अवघड नसलेलं. पण हॉलकडून जोरात हशा आला, कुणालातरी झोंबणारा फिशपाँड पडला असावा, आणि सोजरबाई हात टेकून उठायला लागली. चंद्रानं तिचं गाठोडं घेतलं. ते अजून कोमट होतं.

त्या गावाची तिला पहिल्यांदा भीती वाटली होती ती घरांना दारं नव्हती म्हणून. जेऊरला पॅसेंजरमधून उतरून, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून ते गेले होते. भिंती होत्या, देवळ्या होत्या, चुलीवरची काजळी होती, आणि दाराच्या जागी नुसती भोकं. वारा एका घरात शिरून तिसऱ्यातून निघत होता. गाव सोडताना माणसं चौकट काढून नेतात, जोतीरामनं सांगितलं. लाकूड महाग म्हणून नव्हे, किंवा तेवढ्यासाठी नव्हे. नव्या घराला जुनी चौकट बसवली, तिच्यातून वाकून आत गेलं, की घर बदललं असं होत नाही म्हणे. मातीचं सोडायचं, चौकटीचं न्यायचं. सबंध गावानं न्यायची ती नेली होती. एकाच घराला दार उरलं होतं, आणि त्या दारात जोतीरामची विधवा चुलती बसून होती. माळावर धोंडीरामच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहून दाराच्या जागेशी थांबल्या होत्या. म्हातारी चौकट द्यायला तयार नव्हती. मी मेल्यावर न्या, म्हणायची, न्हायतर पानी आल्यावर पवत न्या. दार गेलं की घर गेलं. मग राहायला जागा कुठली आणि नाही म्हणायला तोंड कुठलं, हे ती न शिकताच जाणत होती. दार होतं तोवर ते घर होतं.

“तू समजाव तिला,” जोतीराम म्हणाला होता. “बाईमाणसाचं ऐकेल. नुसतं कुलूप घालून नदीपर्यंत जायचं, घागर भरून परत यायचं. एवढाच शॉट.” आणि चंद्रा तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली होती. तिच्या ताटातली भाकरी आणि शेंगाची चटणी तिनं खाल्ली, फिल्म म्हणजे काय, उजेडानं तिच्यावर चित्र कसं उमटतं, ते शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते खरं गं. पर दार सोडून मी कुटं जायची न्हाय.” तेव्हा चंद्रा म्हणाली होती, “मी आहे ना इथं. दारापाशीच उभी असणार, कॅमेरा घेऊन.” हे तिनं कुणाच्या सांगण्यावरून म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोचले तेव्हा सोजरबाईनं घराचा दर्शनी भाग पांढऱ्या मातीनं पोतारला होता, अंगण सारवून रांगोळी घातली होती. पाण्यात जाणाऱ्या घराला. जोतीराम कपाळावर हात मारून म्हणाला, “काकी, पळून गेलेलं गाव हाय हे, रांगोळी कुणी घातली, स्वारांनी?” पण ती ऐकेना. फोटो निघायचा आणि घर पारोसं? मग चंद्रानंच त्याला गप्प केलं आणि चावी भरली. म्हातारी बाजूला उभी राहून सांगत होती, ह्ये घे, आता गोठ्याकडं ये, तुळस ऱ्हायली बग, आणि ती कॅमेरा फिरवत गेली, फिल्म वाया जाते आहे हे कळत असून. जोतीराम दात खात होता. ते चित्र उत्तम येणार होतं. सकाळचं तिरकं ऊन होतं आणि पांढऱ्या भिंतीवर वळचणीची सावली स्वच्छ पडली होती.

हॉलच्या खिडक्यांना गुरुबसप्पाच्या कारखान्यातल्या चादरी लावून अंधार केला होता. सोजरबाईला पुढच्या रांगेत बसवलं. चंद्रा शेजारी बसली. जोतीराम प्रोजेक्टरजवळून आला, वाकून चुलतीच्या पायाला हात लावला, आणि चंद्राच्या कानाशी म्हणाला, “काही बोलू नकोस. मशीन बिघडलं होतं म्हणून सांगू नंतर. आज नको.” त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. पडदा उजळला. ओसाड गाव दिसलं तशी मागून शिट्टी वाजली, मग हळूहळू हॉल गप्प झाला. वाऱ्यानं हलणारी एक दोरी. पडकी भिंत. सोजरबाई हातवारे करून ओळख पटवत होती. “ह्यो ज्ञानबाचा वाडगा. ही बजाबाईची भिंत, बग, तिचीच. आता माजं येईल.”

आणि दार आलं. पडदाभर दार, कड्या, पितळी फुल्या, खालच्या फळीची भेग. ते दार चंद्रानं नंतर कॅमेऱ्यात घेतलं होतं, धोंडीरामच्या नव्या घरी, सोजरबाई रानात गेली असताना. विटा दिसू नयेत म्हणून अगदी जवळून. जोतीरामनं बोलावलं आणि ती गेली होती. काम सोडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

“दार माजंच हाय,” सोजरबाई मोठ्यानं म्हणाली. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ती पुढं सरकली, मान तिरकी केली, जणू पडद्याच्या कडेनं आत डोकावता येईल. “पर घर कुटं हाय? ह्ये तर धोंडीचं हाय गं. ती बग, कोपऱ्यात वीट दिसती.” आता पुष्कळ जण हसले. मागून एक जण ओरडला, “आज्जी, आदिलशहाचं हाय ते!” चंद्रानं तिचा हात धरला. तिला कोपऱ्यातली वीट दिसली. इतके दिवस फिल्म कापताना, जोडताना, तिला ती दिसली नव्हती.

शेवटी बाई नदीवरून परत येते. डोक्यावर घागर. वळणावर येऊन समोर बघते. बी.ए.ची एक मुलगी होती, सोलापुरातच भुईकोटाच्या तटाशी घेतलेली. ती थांबली. आधी काहीच झालं नाही. मग घागर एका बाजूनं कलली, पाणी खांद्यावर आलं, ते तिला कळलं नाही. मग तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मुलीनं फार छान केलं होतं. जोतीरामनं तिला एकेक बारकावा शिकवला होता; घागर आधी, तोंड नंतर, हात शेवटी. तो शिकवत असताना चंद्रा उजेड मोजत उभी होती. तिला तेव्हा समजलं की दार काढलं त्या दिवशी तो भावाकडे बघत नव्हता, पहारीकडेही नाही. तो सबंध वेळ चुलतीकडे बघत होता, पाठ करण्यासाठी.

त्या दिवशी कॅमेरा दाराकडे पाठ करून लावला होता. “दार येणार नाही यात,” ती म्हणाली होती. “दार नको. तिचं तोंड पाहिजे,” तो म्हणाला. सोजरबाई कुलूप घालून, दोनदा ओढून बघून, घागर घेऊन उतरणीला लागली. ती दिसेनाशी झाल्यावर मागं माणसं आल्यासारखी वाटली. चंद्राचा डोळा काचेला होता. सावली सरकत होती आणि ती उजेडाची झडप जुळवत होती. लोखंड मातीत शिरल्याचा आवाज आला. मग लाकूड करकरलं. “कसला आवाज आहे?” तिनं न वळता विचारलं. “येऊ दे आवाज,” जोतीराम म्हणाला. “आपला सिनेमा मुका आहे.” आणि ती तेवढ्यावर गप्प राहिली, कारण ते खरं होतं. म्हातारी वळणावर आली. चंद्रानं बटण दाबलं. काचेत तो चेहरा थांबला, घागर कलली, तोंड उघडलं, आणि आवाज आला तेव्हा तो चित्रातून आल्यासारखा वाटला नाही, कुठूनतरी बाजूनं, जनावराचा असावा तसा आला. बोट बटणावरच राहिलं. चावी संपेपर्यंत राहिलं. मग कॅमेरा आपोआप थांबला, ती वळली, आणि पांढऱ्या भिंतीत तिला भोक दिसलं. धोंडीराम आणि आणखी दोघे चौकट ट्रॅक्टरवर चढवत होते. धोंडीराम म्हणत होता, “जपून, जपून, पाय मोडंल तिचा.” चौकटीचा पाय.

दिवे लागले. टाळ्या पडत राहिल्या. कुणीतरी जोतीरामला उचललं.

रीळ तिच्याकडेच होतं, धुवायला. या जातीच्या फिल्मला वेगळं निगेटिव्ह नसतं. कॅमेऱ्यातून जी जाते तीच पडद्यावर येते, दुसरी प्रत नाही. सगळी द्रावणं तयार करून, तापमान बघून, तिनं काळ्या खोलीचं दार लावलं होतं. हात अंधारात सवयीनं चालत होते. तेव्हा तिला वाटलं, हे हात आता ते तोंड फार स्वच्छ काढतील. एकही डाग येणार नाही. जोतीराम बघेल आणि म्हणेल, झकास. लोक टाळ्या वाजवतील. ती थोडा वेळ डबा हातात धरून उभी राहिली आणि मग दिवा लावला. फिल्म पिवळट, गुळगुळीत, निरुपद्रवी दिसत होती. काहीच न घडल्यासारखी. तिला हलकं वाटलं होतं, भूक लागली होती. “उजेड गेला आत,” तिनं जोतीरामला सांगितलं. तो एकच क्षण पांढरा पडला आणि म्हणाला, “असू दे. मला आठवतंय सगळं.”

हॉल रिकामा होत होता. सोजरबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. धोंडीराम खाली एष्टीची चौकशी करायला गेला होता. जोतीराम मुलांच्या घोळक्यात होता, तिथून मधूनमधून इकडे बघत होता.

“ही झाली पोरांची मज्जा,” सोजरबाई म्हणाली. “आता माजं दाव.”

“मावशी, ते नाही.”

“न्हाय म्हंजी? तू काढलंस की. मी हुते तितं.”

“काढलं होतं. नंतर त्यावर उजेड पडला. ते पुसलं गेलं.”

सोजरबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. “तूच सांगितलंतंस, उजेडानं चित्र उमटतं म्हनून. मग उजेड पडल्यावर दिसंल की गं. जाईल कसं?”

चंद्राला याचं उत्तर येत होतं. चांदीचे क्षार, त्यांच्यावर किती प्रकाश पडावा, कधी पडावा. ते सगळं बरोबर होतं आणि इथं त्याचा काही उपयोग नव्हता.

“जास्त पडला,” ती म्हणाली.

“कसा काय पडला?”

घोळक्यातून जोतीरामनं मान हलवली. नको. त्याला काय वाटत होतं कोण जाणे. बहुधा ती यंत्राला दोष देईल, किंवा स्वतःच्या हाताला, आणि म्हातारी चार उसासे टाकून एष्टीत बसेल. ते सोपं होतं. म्हातारीचं दुःखही त्यात कमीच झालं असतं.

“मी पाडला,” चंद्रा म्हणाली. “चुकून नाही. मुद्दाम.”

खाली अंगणात कुणीतरी टेबल ओढत होतं. चंद्रा घाईघाईनं बोलत सुटली, कधी कुणाशी बोलली नव्हती तशी. “तुम्ही रडत होता त्यात. ती माणसं दार काढत होती आणि तुम्ही रडत होता, आणि मी तेच घेत बसले होते. ते लोकांनी बघू नये म्हणून. तुमची शोभा व्हायला नको म्हणून. घराचं माझ्या ध्यानातच आलं नाही मावशी. खरंच नाही आलं.”

“माजी शोभा?” सोजरबाई म्हणाली. शब्द चावून बघावा तसा तिनं तो पुन्हा म्हटला. “आगं, रडली तर रडली. दार काढल्यावर मानूस काय हसंल? बगू द्यायचं हुतं की समद्यास्नी. हितं बसलेल्या ह्या एवढ्या लोकास्नी. मी कुनाकुनाला सांगत फिरते वरीसभर, ह्यांनी असं असं केलं. कोन ऐकतंय? म्हनत्यात, म्हातारी कायबी बोलती, पोरांनी घरात ठिवलीया, खायला घालत्यात. फोटूत हुतं ते. माजं काय जानार हुतं? अब्रू गेली असती तर त्यांची गेली असती.”

चंद्रा तिच्या पायांकडे बघत होती. भेगांत चिखल वाळून बसला होता. ती काळी खोली, तो दिवा, तो हलकेपणा, सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं आणि त्यातली प्रत्येक वस्तू तीच होती, फक्त आता ती कुणाच्या बाजूची आहे ते दिसत होतं. तिनं एका म्हातारीची लाज झाकली नव्हती. तिनं तीन माणसांचा आणि एका पहारीचा, त्या तोंडावर उमटलेला पुरावा जाळला होता, आणि त्याच्यासोबत घरही गेलं होतं.

“कुनी पहार धरली,” सोजरबाई म्हणाली, स्वतःशी बोलावं तसं, “कुनी चौकट उचलली. जोत्यानं मला नदीला धाडली. समद्यांची नावं घेती मी. तुजं कदी घेतलं न्हाय. म्हनलं, ती पोर काय, फोटू काढत हुती.”

धोंडीराम जिन्यात आला आणि एष्टी लागल्याचं ओरडून सांगितलं. सोजरबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाठोडं चंद्राच्या मांडीवरच होतं. ते तिनं उचलून आपल्याकडे घेतलं, गाठ घट्ट केली.

“मग तूबी हात लावलास म्हन की,” ती म्हणाली.

“हो,” चंद्रा म्हणाली.

म्हातारी उठली आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरत गेली.